तांबट आळीतली घरपारख

एका राज्यात, ज्याचे नाव सांगायची मला मनाई आहे, पृथुसेन नावाचा राजा राज्य करी. राज्य फार मोठे नव्हते, पण जादू मात्र भरपूर होती. तिथल्या विहिरी दुपारी एकमेकींशी बोलत, डोंगर वर्षातून एकदा कूस बदलत, आणि राजवाड्याच्या पिंपळावर बावीस साळुंक्या राहत, त्या माणसांसारखे बोलत. रोजचेच झाल्यामुळे लोकांना त्याचे काही वाटत नसे.

एका गोष्टीला मात्र सगळे राज्य वचकून असे. राजाच्या आजोबांच्या काळी कालकंठ नावाच्या मांत्रिकाने आपली लहानगी मुलगी राजाच्या हवाली केली आणि तो तपाला गेला. राजाने ती एका बड्या घरी दत्तक दिली. महिनाभरात त्या घराने ती परत आणून दिली. कारण काय, तर पोर फार रडते आणि भिंतींवर रेघोट्या ओढते. कालकंठ परतला तेव्हा मुलगी राजवाड्याच्या पायरीवर गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणाशीही बोलत नव्हती. त्याने तिला कडेवर घेतले आणि जाता जाता शाप दिला, "या राज्यात जे मूल घरी नेऊन परत पाठवाल, त्याला माणसाचा देह उरणार नाही. त्याला पंख फुटतील." उःशापही त्याने देऊन ठेवला, पण तो फक्त पाखरांच्या कानात. जे पाखरू तो उघड करील, किंवा आपण कोण हे सांगेल, ते जागच्या जागी दगड होईल.

एवढे होऊनही माणसांची खोड गेली नाही. दर दोन-चार वर्षांनी एखादे मूल राजवाड्याच्या दारी परत येई आणि तिथूनच पंख फुटून उडून जाई. मग राजाने कायदा केला. पोरकी मुले पाळणामहालात राहतील. ज्याला मूल हवे त्याच्या घरी पिंपळावरची एक साळुंकी तीन दिवस राहील आणि तीन परीक्षा घेईल. दोन उतरल्या तर मूल मिळेल, नाही तर त्या घराने पुन्हा मागायचे नाही. आणि ज्या घरातून एकदा मूल परत गेले, त्या घराला पुन्हा मूल देणे नाही. या तपासणीला घरपारख म्हणत आणि ती करणाऱ्या साळुंकीला पारखीण. साळुंक्यांना घरांची इतकी पारख कुठून आली, हे कुणी विचारले नाही. काम सुरळीत चालले असले की दरबारात असे प्रश्न विचारत नाहीत.

राजवाडा टेकडीवर, आणि टेकडीच्या पायथ्याशी तांबट आळी. तिथे दिवसभर तांब्यावर हातोडे पडत. हंडे, घंगाळी, बंब, तपेली, सगळे ठोकून घडवायचे. त्या आळीची एक रीत होती. घरात मूल आले की बापाने त्याच्यासाठी तांब्याचे फुलपात्र घडवायचे आणि छिन्नीच्या ठिपक्यांनी त्यावर मुलाचे नाव घालायचे. ते फुलपात्र कधी वितळवायचे नाही.

या आळीत तुळाजी तांबट आणि त्याची बायको आवडा राहत. लग्नाला बारा वर्षे झाली होती आणि नाव घालायला फुलपात्र घडले नव्हते. आवडा घासलेली भांडी पोचवायला पाळणामहालात जाई. तिथे शेवंती नावाची एक मुलगी होती. इतर मुले खाऊ शोधत, ही घंगाळात डोके घालून बसे आणि आतून बोट आपटून ऐके. एकदा तिने विचारले, "हे तुमच्या घरी झालं?" आवडा हो म्हणाली. शेवंती म्हणाली, "मग मला ते होताना ऐकू आलं होतं." त्या दिवशी आवडा घरी आली ती रिकामी टोपली दारात तशीच टाकून रडत बसली, आणि रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाली, "मला ती पोर हवी."

अडचण अशी की पाळणामहालात मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शके. सहा वर्षे पूर्ण झाली की त्याला दूर गडावर राजाच्या चाकरीत धाडत, आणि मग त्याला कुणाचे घर मिळत नसे. शेवंतीला पौर्णिमेला सहा पूर्ण होणार होती. पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते.

अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी पारखीण येणार असा निरोप आला. आवडाने सारवलेले अंगण पुन्हा सारवले. तुळाजीने सगळी हत्यारे पोत्यात घालून माळ्यावर चढवली. आळीतले वडीलधारे बाबाजी तांबट आले, त्यांनी घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुळाजी, घर झकास आहे. पण हा ठोकठोकाट? लहान मूल झोपायचं कसं इथं? पारखीण पहिल्या घटकेलाच नापास करील." तुळाजी घाबरला. बाबाजींनीच तोड काढली. त्यांनी आळीत दवंडी दिली की तीन दिवस कुणी हातोडा उचलायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या जी आळी गप्प बसली नव्हती, ती तुळाजीसाठी गप्प बसली. माणसे चांगली होती, त्याबद्दल वादच नाही.

सकाळी साळुंकी आली. दारातून न येता ती मागच्या बुटक्या खिडकीतून आत आली. खोलीत उंच आढे होते, त्यावर न बसता ती भिंतीतल्या एका खुंटीवर बसली, जी पाच-सात वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्याच उंचीवर होती. आवडाने पाणी पुढे केले. साळुंकी म्हणाली, "पारखीण परीक्षेच्या घरचं पाणी पीत नाही." मग तिने पंखाखालून पिंपळाचे पान काढले आणि पायाखाली धरून ठेवले. उतरलेल्या परीक्षेला पानावर एक भोक, न उतरलेलीला एक चीर, अशी तिची नोंद असे.

"पहिली परीक्षा," ती म्हणाली. खिडकीबाहेरून एक गाठोडे आपोआप तरंगत आत आले. "हे सूर्यास्तापर्यंत खाली ठेवायचं नाही. ते रडेल. का रडतं ते त्यालाही ठाऊक नाही."

गाठोडे फुलासारखे हलके होते आणि त्याचा आवाज कान फाटेल असा. आवडाने ते छातीशी धरून अंगाई म्हटली. तुळाजीने ते खांद्यावर टाकून घरभर फेऱ्या मारल्या. गाठोडे रडतच राहिले आणि हळूहळू जड होऊ लागले. दुपारपर्यंत ते भरल्या हंड्याएवढे झाले. दोघे आलटून पालटून घेत, घामाने निथळत, आणि खुंटीकडे पाहून हसत. "किती गोड रडतंय," तुळाजी म्हणाला. गाठोडे आणखी जड झाले. "मला तर याचा काहीच त्रास नाही," आवडा म्हणाली, आणि तिचे गुडघे वाकले.

तिसऱ्या प्रहरी ते पुन्हा आवडाच्या कडेवर होते. आता हातातून निसटणार या भीतीने तिचा तोल सुटला. "पुरे झालं," ती गाठोड्याला म्हणाली. "माझे खांदे गेले, डोकं उठलं, तुझा मला राग आलाय. सकाळपासून आलाय. पण खाली ठेवणार नाही तुला, समजलं?"

तुळाजीने कपाळाला हात लावला. पारखिणीसमोर राग आला म्हणाली, आता संपले सगळे. पण गाठोडे हुंदका गिळल्यासारखे थबकले आणि हलके झाले. सूर्य बुडाला तेव्हा ते नुसत्या उचक्या देत होते आणि आवडा त्याला तशीच थोपटत होती. साळुंकीने पानावर एक भोक पाडले. भोक म्हणजे चांगले की वाईट, हे दोघांना रात्रभर कळले नाही, कारण त्यांनी विचारायची हिंमत केली नाही.

दुसऱ्या दिवशी साळुंकी तुळाजीला म्हणाली, "टेकडीमागे शापित खजिन्याची गुहा आहे. तिथून एकच वस्तू आण, जी त्या मुलीला हवी असेल. एकाहून जास्त घेणारा परत येत नाही."

गुहेच्या तोंडाशी आंधळा नाग पहाऱ्याला होता. त्याने तुळाजीचे हात हुंगले, रिकामे आहेत म्हणून सोडले. आत मोहरांचे ढीग होते आणि ढिगांमध्ये दगडाची माणसे उभी होती. कुणाच्या ओंजळीत माणके, कुणाच्या काखेत सोन्याची समई, आणि सगळ्यांच्या तोंडावर अजून थोडे घ्यावे असा भाव. तुळाजीला सोन्याशी देणेघेणे नव्हते. तो मुलीसाठी काय न्यावे या एकाच काळजीने वेडा झाला होता. हस्तिदंती पाळणा दिसला, पण पाळण्यात बसायचे तिचे वय नव्हते. कोपऱ्यात लाकडाची एक मोगरी पडली होती, म्हणजे तांबट लोक पत्र्याला बाक द्यायला वापरतात तो लाकडी हातोडा, पण मुलाच्या मुठीत बसेल इतका लहान. तुळाजीने तो सहज उचलून हवेत फिरवला. तोल फार सुरेख होता. तो स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "पोरीच्या हातात हे बघून पारखीण काय म्हणेल?" त्याने मोगरी जागेवर ठेवली. शेजारी चांदीचा खुळखुळा होता. त्याचा आवाज इतका मृदू, की जवळ झोपलेला माणूस जागा होऊ नये. तुळाजीने तो घेतला आणि तो जीव मुठीत धरून बाहेर आला.

घरी येऊन त्याने खुळखुळा खुंटीखाली ठेवला. साळुंकीने त्याला चोच लावताच त्याची राख झाली.

"मुलीला विचारलं होतंस?" ती म्हणाली.

"नाही."

"का?"

"परीक्षा आमची चाललीय, म्हणून तिचं काही सुचलंच नाही," तो म्हणाला. साळुंकीने पानाला चीर पाडली. आता सगळा भार तिसऱ्या दिवसावर होता.

तिसऱ्या दिवशी उजाडताच साळुंकी म्हणाली, "तिसरी परीक्षा एका प्रश्नाची. या घरातून कधी एखादं मूल परत गेलं आहे का? सूर्यास्ताला दोघांनी मिळून उत्तर द्यायचं."

आवडाला हायसे वाटले. एवढा सोपा प्रश्न. तिने "नाही" म्हणायला तोंड उघडले आणि नवऱ्याकडे पाहिले. तुळाजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. साळुंकी खुंटीवरून उडाली आणि खिडकीत पाठ करून बसली.

आवडा काही विचारणार, तोच पाळणामहालातली गंगू दाई धापा टाकत दारात आली. "काय करून बसलात तुम्ही आळीवाले?" ती म्हणाली. "शेवंतीनं तीन दिवस अन्न सोडलंय. गवाक्षाला चिकटून बसलीय. उठवलं तर उठत नाही."

"आम्ही काय केलं?" आवडा म्हणाली.

"ठोके बंद केलेत की! ती पोर त्या आवाजावर जगते. सकाळी पहिला ठोका पडला की दूध पिते, दुपारी ठोके ऐकत झोपते. परवापासून तुमची आळी मेल्यासारखी गप्प. ती मला विचारते, ती माणसं निघून गेली का? मी काय सांगू?"

तुळाजीला गुहेतली मोगरी आठवली आणि आपल्या अकलेची लाज वाटली. तो माळ्यावर चढला, हत्यारांचे पोते खाली ओढले. बाबाजी धावत आले. "अरे तुळाजी, आज शेवटचा दिवस, पारखीण घरात आहे," ते म्हणाले. तुळाजी म्हणाला, "बाबाजी, पोर उपाशी आहे." त्याने अर्धवट राहिलेले घंगाळ ऐरणीवर घेतले आणि पहिला ठोका टाकला. तीन दिवसांनंतर तो आवाज आळीला फार मोठा वाटला. मग समोरच्या घरातून एक ठोका आला, पलीकडून दुसरा, आणि घटकाभरात सगळी आळी दणाणून गेली. शेवटी बाबाजींनीही हातोडा उचलला. खिडकीतल्या साळुंकीने मान वळवली नाही, पण तिची शेपटी ठोक्याबरोबर हलत होती.

गंगू दाई टेकडी चढून गेली. आवडा नवऱ्यासमोर येऊन बसली. "आता सांगा," ती म्हणाली. "तुम्ही पांढरे का पडलात?"

तुळाजी ठोके टाकत टाकत बोलला, कारण हात थांबले असते तर त्याच्याने बोलवले नसते. "माझ्या आधी या घरात एक मुलगी होती. आईबाबांना मूल होत नव्हतं, म्हणून त्यांनी ती आणली. पाच वर्षांची. दोन वर्षं होती इथं. मग मी झालो. बाबा म्हणाले, आता आपलं आहे. आणि तिला परत पोचवून आले. आईनं मरताना मला सांगितलं."

"बारा वर्षं संसार केलात माझ्याबरोबर," आवडा म्हणाली, "आणि हे आज सांगता?"

"आधी सांगितलं असतं तर तू अर्जच करू दिला नसतास. कायदा आहे, आवडा. ज्या घरातून मूल गेलं त्याला मूल नाही. आता नाही म्हणू या. चाळीस वर्षं होत आली. आळीतली जुनी माणसं बोलायची नाहीत, मग कुणाला कळणार आहे?"

"त्या मुलीची काही खूण आहे घरात?"

तुळाजीने हातोडा ठेवला. कोनाड्यात रचलेल्या भांड्यांमागून त्याने फडक्यात गुंडाळलेले फुलपात्र काढले. तांबे काळवंडले होते, ठिपके मात्र स्पष्ट होते. आवडाने बोट फिरवून नाव वाचले. यमुना.

"आईनं ते वितळवू दिलं नाही," तुळाजी म्हणाला. "रोज सकाळी यात पाणी भरून त्या खिडकीत ठेवायची. एक साळुंकी यायची, बघायची आणि पाणी न पिता जायची, असं म्हणायची. आई गेल्यावर मी ते उचलून ठेवलं. कुणी बघू नये म्हणून."

आवडा फुलपात्र मांडीवर घेऊन बसली. तिला शेवंती हवी होती, आणि एका शब्दाने ती मिळणार होती. "खोटं बोलू या," ती म्हणाली. तुळाजीने सुटकेचा श्वास सोडला. मग ती पुन्हा त्या ठिपक्यांकडे बघू लागली. "शेवंती आली, आणि एके दिवशी भांडी काढताना हे तिच्या हाताला लागलं, तर? तिनं विचारलं ही कोण, कुठं गेली, तर मी काय सांगू? ती पुढं या घरात एक दिवस तरी सुखानं झोपेल का?"

सूर्य उतरत होता. आवडाने चिंच लावून फुलपात्र घासायला घेतले.

सूर्यास्ताला साळुंकी खुंटीवर येऊन बसली. दोघे तिच्यासमोर उभे राहिले. तुळाजीने लखलखीत फुलपात्र पुढे धरले. "या घरातून एक मूल परत गेलं," तो म्हणाला. "तिचं नाव यमुना. माझ्यामुळे गेलं. मी तिला कधी पाहिलं नाही आणि कधी शोधलंही नाही."

साळुंकीने चोच उघडली. एक शब्द घशाशी आला असावा, कारण तिच्या पायाची दोन बोटे एकदम राखाडी झाली, दगडासारखी. तिने चोच मिटली. बोटे पुन्हा पिवळी व्हायला बराच वेळ लागला. मग तिने पानावर दुसरे भोक पाडले. "उत्तर नोंदलं," ती म्हणाली आणि बुटक्या खिडकीतून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पौर्णिमा उद्यावर आली होती. शेवंती गंगू दाईचा पदर धरून खांबाशी उभी होती. तिने सकाळी दूध प्यायले होते, एवढेच आवडाने दुरून विचारून घेतले होते. साळुंकीने राजापुढे पान ठेवले.

"तीनपैकी दोन उतरल्या," राजा पृथुसेन म्हणाला. आवडाने डोळे मिटले.

"पण महाराज," प्रधानजी म्हणाले, "तिसऱ्या उत्तराप्रमाणे या घरातून मूल परत गेलेलं आहे. कायद्यानं यांना मूल देता येत नाही."

राजाला वाईट वाटले. ते त्याच्या तोंडावर दिसत होते. "खरं बोललात म्हणून परीक्षा उतरलात," तो म्हणाला, "आणि खरं बोललात म्हणूनच मूल देता येत नाही. माझा नाइलाज आहे."

शेवंतीने गंगू दाईकडे वर बघितले आणि ती गवाक्षाकडे जाऊन उभी राहिली. ते आवडाला सहन झाले नाही. ती पुढे आली. "महाराज, आमचं जे मूल परत आलं ते कुठं आहे?"

प्रधानजी गोंधळले. "ते शापानं पाखरू झालं असणार, बाई."

"कोणतं?"

"ते कसं सांगणार? पाखरं उडून जातात. पिंपळावर बावीस आहेत, कुठून आली कोण जाणे."

एवढे बोलून प्रधानजी थांबले. दरबारात जे तीन पिढ्यांत कुणी विचारले नव्हते ते त्यांच्याच तोंडून निघाले होते. सगळ्यांच्या माना पिंपळाकडे वळल्या.

"शेवंतीला मागायचा आमचा हक्क नाही, ते कळलं," आवडा म्हणाली. "पण आमचं आम्हाला द्या. आम्ही ती घरी नेतो."

"ती पाखरू आहे," प्रधानजी म्हणाले. "जन्मभर पाखरूच राहील. तुम्हाला आई म्हणणार नाही."

"न म्हणेना. ती माझी नणंद आहे. आणि पाखरू आहे तर पाखरू. तिच्यासाठी खुंटी आहे, खिडकी आहे. ती माणूस कधी होणार, हे मी विचारलं का?"

तुळाजीने कमरेची सुरई सोडली, बरोबर आणलेल्या फुलपात्रात पाणी ओतले आणि ते दरबाराच्या फरशीवर ठेवले. बावीस पाखरांतली कोणती ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो पिंपळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "यमुनाअक्का, मी तुळाजी. चूक आमच्या घरची. घरी चल."

पिंपळावरचे एकही पाखरू हलले नाही. राजाच्या सिंहासनाच्या हातावर बसलेली पारखीण खाली उतरली. ती चालत चालत फुलपात्रापाशी आली, काठावर बसली आणि पाणी प्यायली. परीक्षेच्या घरचे पाणी न पिणारी साळुंकी सगळे फुलपात्र संपेपर्यंत पीत राहिली. तुळाजी तिच्यापुढे बसला आणि रडू लागला. त्याने खांदा पुढे केला. ती त्यावर चढली.

तुळाजी आणि आवडा टेकडी उतरू लागले. मागून राजा निघाला, राजामागे दरबार, आणि गंगू दाईचा हात सोडून शेवंती. आळीत ठोके चालू होते. घरापाशी येऊन तुळाजीने उंबरा ओलांडला आणि त्याचा खांदा एकदम जड झाला. त्याने मान वळवली तर त्याच्या खांद्याला सात वर्षांची एक मुलगी लटकली होती, केस विस्कटलेले, दातात एक फट. पाखरांची वर्षे माणसांच्या वयात धरत नाहीत, म्हणून ती गेली तेवढीच राहिली होती. उःशाप एवढाच होता, की परत पाठवलेल्या एकाला जरी आहे तसे घरी नेले, तर सगळ्यांचा शाप सुटावा. तो सांगता येत नव्हता, आणि सांगितल्यावर नेले असते तर त्याला अर्थही नव्हता.

त्याच घटकेला टेकडीवर मोठा गलका झाला. पिंपळावर एकवीस मुले बसलेली होती आणि खाली उतरता येत नाही म्हणून ओरडत होती. राजाने शिड्या मागवल्या.

तेवढ्या गडबडीतही प्रधानजींना कायदा आठवला. "महाराज, शेवंतीचं काय?"

राजा म्हणाला, "परत गेलेलं मूल घरी आलं, तेव्हा ती बंदी राहिली नाही. आणि पारखिणीनं हे घर पारखलं आणि स्वतःच इथं राहिली. आणखी कुणाची साक्ष काढायची?"

तुळाजी खाली बसला. एकदा केलेली चूक त्याला पुन्हा करायची नव्हती. "शेवंती," तो म्हणाला, "तुला इथं यायचं आहे का?"

शेवंतीने घराकडे बघितले, ऐरणीकडे बघितले. "इथं रोज ठोके पडतात?"

"दिवसभर."

"मधेच थांबणार नाहीत ना?"

"नाही."

"मग येते," शेवंती म्हणाली, आणि आत जाऊन अर्धवट घंगाळात बसली.

राज्यात मग सगळे रीतीने झाले. घरपारख अजून होते, फक्त आता पहिली परीक्षा मुलाची इच्छा विचारण्याची असते. एकवीस मुलांना घरे मिळाली. काही घरे जुनीच होती, फुलपात्रे शोधून घासून घेऊन आलेली.

पण तुळाजीच्या घरात एक गोष्ट राहिली होती. यमुनेने आपले कपडे कधी पेटीत ठेवले नाहीत. त्यांचे गाठोडे बांधून ती ते दाराशी ठेवी. आवडाने ते पाहिले आणि त्याला हात लावला नाही. सहा महिने ते तिथेच होते. मग एका सकाळी शेवंतीने यमुनेच्या फुलपात्रातून पाणी पिण्यावरून दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. यमुनेने तुळाजीने दोन महिने खपून, हातोडीने ठोकठोकून मठारलेला बंब लाथेने पाडला. त्याला मोठा पोचा आला. यमुनेने धावत जाऊन गाठोडे उचलले आणि ती दारात उभी राहिली.

"पाठवा," ती म्हणाली. "पाठवा मला परत."

तुळाजीने बंब सरळ केला, पोचा बघितला. त्याला राग आला होता आणि त्याने तो लपवला नाही. "अक्का, मला फार राग आलाय," तो म्हणाला. "हा पोचा काढायला चार दिवस जातील, आणि तो तू माझ्याबरोबर बसून काढायचास. तुमच्यासाठी केलेली ती लहान मोगरी घे. आधी जेवायला चल, भाकरी गार होतेय."

यमुना दारात तशीच उभी राहिली. आतून शेवंती म्हणाली, "तुझं पान वाढलंय." थोड्या वेळाने यमुना आत आली, जेवली, आणि जेवण झाल्यावर तिने गाठोडे सोडून कपडे पेटीत ठेवले.

ही गोष्ट मी ऐकली तशी सांगितली. ज्यांनी ती ऐकली त्यांच्या घरी प्रत्येकाच्या नावाचे फुलपात्र असो आणि ते भरलेले असो.